ढकललेले ठिपके

१

खोटं बोलणं हेच ज्यांचं सरकारी काम आहे अशी माणसं जगात पुष्कळ असतील, पण वर्ना सोबचाकइतकं मोजूनमापून खोटं बोलणारं त्यांत क्वचितच कुणी असेल. पोर्ट कॅलोवेच्या आरोग्य खात्यात ती एकोणीस वर्षं नकाशे करत होती. दर सोमवारी सकाळी तिच्याकडे नव्या रुग्णांची यादी यायची: नाव, वय, पत्ता, आजार. ती प्रत्येक पत्ता नकाशावर बसवायची आणि तिथे एक लाल ठिपका उमटायचा. हा झाला खरा नकाशा. तो कुलपात राहायचा.

लोकांना इंटरनेटवर दिसायचा तो दुसरा. त्यात प्रत्येक ठिपका मुद्दाम हलवलेला असायचा. कमीत कमी तीनशे फूट, जास्तीत जास्त हजार. दिशा मशीन ठरवायचं, मनाला येईल ती. नाहीतर शेजारीपाजारी ठिपका बघून बोट दाखवायला मोकळे, की बघा, यांच्याकडे आलाय रोग. ऑफिसात या कामाला सगळे ‘ढकलणं’ म्हणत. मंगळवारी ढकलायचं, शुक्रवारी नकाशा लोकांसमोर ठेवायचा. ठिपका भलत्याच घरावर जाऊन पडे, पण तिथे मुळात कुणी आजारी नसे आणि नकाशाखाली तशी बारीक अक्षरांत टीपही असे. ती टीप कुणी वाचत नाही हे वर्नाला चांगलं माहीत होतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात शहराच्या पूर्व भागात लीजनेअर नावाचा न्यूमोनिया निघाला. हा एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. मोठ्या इमारतींच्या छपरांवर जे कूलिंग टॉवर असतात त्यांच्यातून उडणाऱ्या बारीक तुषारांतून तो येतो आणि म्हाताऱ्या फुप्फुसांत मुक्काम ठोकतो. पहिल्या दोन आठवड्यांत पाच जण आजारी पडले. त्यातले दोन गेले.

पूर्व भागात, गार्नेट स्ट्रीटवर एकसष्ट नंबरच्या घरात वर्नाची आई एकटी राहत होती. स्टाशा सोबचाक, वय एकोणऐंशी. कारखाना बंद पडल्यापासून त्या गल्लीतली घरं एकेक करून रिकामी झाली आणि महापालिकेने ती पाडली. तेव्हाची अकरा घरं आता अकरा गवताचे प्लॉट होते. दर वसंतात विमानातून शहराचे फोटो निघत, मागच्या वर्षीच्या फोटोंशी ते ताडून पाहायचे आणि नाहीशी झालेली घरं नकाशावर राखाडी करायची, हेही वर्नाचंच काम होतं. स्वतःच्या लहानपणाची गल्ली तिने स्वतःच्या हाताने राखाडी केली होती. ‘माझ्याकडे राहायला ये,’ असं ती आईला सात वर्षं विनवत होती. मी निघाले की हेही पाडतील, असं म्हणून आई विषय संपवायची. तिची छाती आधीच कमजोर. यादी उघडताना वर्नाची नजर आजाराच्या रकान्याकडे जायच्या आधी पत्त्याच्या रकान्यात ‘गार्नेट’ शोधायची.

२

तिसऱ्या सोमवारी यादीत एकच नवीन नाव होतं. ऑर्चर्ड अ‍ॅव्हेन्यूवरचे तिबोर हालमोश, वय चौऱ्याहत्तर. वर्नाने पत्ता बसवला, पण ठिपका काही दिसेना. तिने परत बसवला. मग तिच्या लक्षात आलं की मागच्या आठवड्याचा ढकललेला नकाशा खाली उघडा राहिलाय आणि नवा ठिपका जुन्या ठिपक्यावर बरोब्बर बसलाय.

म्हणजे मागच्या मंगळवारी मशीनने कुणा भलत्याचाच ठिपका उचलून जिथे टाकला होता, तेच हालमोश यांचं घर होतं.

तिने खांदे उडवले. दाट वस्तीत असं कधीतरी होणारच. तरीपण दुपारी जेवताना तिने ओडेलला सांगितलं. ओडेल प्रुइट नर्स होता. रुग्णांना फोन करून कुठे गेला होतात, कधी ताप आला, हे सगळं तोच विचारून घ्यायचा. त्याच्या आवाजात काय जादू होती कोण जाणे, कुणीही त्याला काहीही सांगायचं.

“नकाशाबाई,” तो डबा पुसत म्हणाला, “आंधळ्याने दगड मारला तरी कधीतरी खिडकी फुटतेच.”

ते तिला पटलं. पटण्यासारखंच होतं.

३

पुढच्या सोमवारी तीन नावं आली आणि तिन्ही ठिपके गेल्या दोन आठवड्यांत ढकललेल्या ठिपक्यांवर बसले. जवळपास नव्हे, अगदी वर.

वर्ना डोकं ठिकाणावर असलेली बाई होती. घाबरण्याआधी तिने कारणं शोधली. पहिलं कारण असं, की ओडेलने चुकीची फाइल उघडली असेल आणि खऱ्या पत्त्यांऐवजी ढकललेले पत्ते उतरवून घेतले असतील. ती त्याच्याकडे गेली. त्याने वही उघडून दाखवली. तिन्ही माणसांशी तो स्वतः बोलला होता आणि एका बाईने तर त्याला मुलाच्या घटस्फोटाची सगळी हकिगतही ऐकवली होती.

दुसरं कारण जास्त शहाणपणाचं होतं. लोक नकाशा बघतात. आपल्या छपरावर लाल ठिपका दिसला की धास्तावतात, साधा खोकला असला तरी डॉक्टरकडे धावतात, तपासणी होते आणि रोग सापडतो. म्हणजे नकाशाने रोग आणला नाही, लोकांना डॉक्टरकडे नेलं. वर्नाला हे इतकं आवडलं की तिने ते कागदावर लिहून काढलं, साहेबांना दाखवायला.

मग तिने तारखा पाहिल्या. हालमोश गुरुवारी हॉस्पिटलात दाखल झाले होते. नकाशा लोकांसमोर आला शुक्रवारी. ओडेलच्या वहीत त्यांच्या नावापुढे असंही लिहिलेलं होतं: घरात कॉम्प्युटर नाही, फोन भिंतीवरचा.

तिने तो कागद घडी करून खणात टाकला.

या रोगाचे जंतू शरीरात शिरले की आठदहा दिवसांनी ताप येतो. म्हणजे तिने मंगळवारी ढकललं तेव्हा ही माणसं आतून आजारी पडलेलीच होती. या विचाराने तिच्या जिवात जीव आला. आपण काही केलेलं नाही. पण दुपारभर खुर्चीत बसून त्याच विचाराची दुसरी बाजू तिला दिसायला लागली. मशीनला दिशा कुणी सांगत नाही. मग अख्ख्या वस्तीत आजारी पडलेली तेवढीच घरं त्याला सापडतात कशी?

वरच्या ट्यूबलाइटची घरघर त्या दिवशी तिला सारखी ऐकू येत होती. एरवी ती कधी ऐकू आल्याचं तिला आठवेना.

४

सोमवारी उशिरा आणखी एक नाव आलं होतं, म्हणून मंगळवारी ढकलायचे चार ठिपके होते. तिने बटण दाबलं. चारही सरकले आणि थांबले. तीन आजूबाजूच्या गल्ल्यांत. चौथा एकसष्ट, गार्नेट स्ट्रीट.

तिने नकाशा मोठा करून पाहिला. आईच्या घराचं छप्पर वरून कसं दिसतं हे तिला पाठ होतं: धुराड्याची सावली, मागच्या अंगणातल्या कपड्यांच्या दोरीची पुसट रेघ. त्यावर लाल ठिपका, कुंकवाएवढा.

आईला फोन करून सांगायचं तरी काय? खऱ्या यादीतलं अवाक्षर बाहेर काढायची परवानगी नव्हती, आणि हे तर खरंही नव्हतं. तरी तिने फोन लावलाच आणि काही दिवस माझ्याकडे राहायला ये, म्हणून परत एकदा विनवलं. तिकडे आई कोबी चिरत होती. सुरीचा आवाज ऐकू येत होता. नाही म्हणायला तिने सुरी थांबवलीसुद्धा नाही.

मग एकोणीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते वर्नाने केलं. ठिपका माउसने पकडला आणि हाताने ओढला.

ओढून ठेवायचा कुठे? शेजारच्या घरात एक म्हातारं जोडपं होतं. मागच्या घरात दोन लहान मुली. कुठेही ठेवला तरी तिथे कुणीतरी राहत होतं आणि एकदा स्वतःच्या हाताने ठेवायचा म्हटल्यावर मशीनवर खापर फोडायचीही सोय राहिली नव्हती. शेवटी तिला राखाडी प्लॉट दिसले. आईच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, चौसष्ट नंबर. तेरा वर्षांपूर्वी पाडलेलं घर. तिथे गवताशिवाय काही नव्हतं. तिने ठिपका तिथे सोडला. पाडलेल्या घरांचे नंबर मशीनच्या जुन्या तक्त्यात तसेच पडून असत. ठिपका पडताच मशीनने आपण होऊन पत्ता भरला: चौसष्ट, गार्नेट स्ट्रीट, राहतं घर. ‘राहतं’ हा शब्द बदलायला हवा होता. तिने नंतर बदलू म्हटलं आणि उरलेले तीन ठिपकेही उचलून तिथेच ठेवले, एकावर एक.

पुढच्या सोमवारी यादी रिकामी आली. त्याच्या पुढच्या सोमवारीही रिकामी.

दरम्यान एका बंद पडलेल्या लॉंड्रीच्या छपरावरचा कूलिंग टॉवर सापडला. खात्याच्या माणसांनी तो घासूनपुसून साफ केला आणि साहेबांनी टीव्हीवर तसं सांगितलं. साथ त्यामुळेच थांबली, असं सगळे म्हणत होते. वर्नाही म्हणत होती. त्या दोन आठवड्यांत तिला इतकी गाढ झोप लागली, की एकदा घड्याळाचा गजरही ऐकू आला नाही.

५

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती आईकडे जेवायला गेली. शहरालगतच्या सरोवरावरून आलेल्या बर्फाने गल्ली गुडघाभर भरली होती. दारातच तिला वाटलं, आई तरुण दिसतेय. गालांवर रंग होता. केस नीट विंचरलेले. शेगडीवर बार्ली आणि मशरूमचं सूप उकळत होतं, सगळ्यात मोठ्या भांड्यात. वडील होते तेव्हाच ते भांडं निघायचं.

एवढं कुणासाठी, असं वर्नाने विचारलं.

“समोर माणसं आलीयत राहायला,” आई म्हणाली. “चौसष्टमध्ये.”

वर्ना खिडकीशी गेली. रस्त्यापलीकडे पांढरं शुभ्र मैदान होतं. एका टोकाला महापालिकेची ‘कचरा टाकू नये’ची पाटी तेवढी वर आली होती. बाकी काही नाही.

“मा, तिथे घर नाहीये.”

“तू नकाशावरून पुसलंस म्हणून माणसं राहायची थांबतात होय?” आई चमचा आपटत म्हणाली. रागावली नव्हती, चिडवत होती. “अजून ओळख नाही झाली. पण आजारी आहेत बिचारी. दिवसभर खोकतात. इथवर ऐकू येतं मला.”

वर्नाने कान दिला. सूप उकळत होतं. पाइपमधून गरम पाण्याचा टकटक आवाज येत होता. याखेरीज काहीच नव्हतं, आणि तरीही टकटक थांबे त्या मधल्या वेळात तिला श्वास रोखून धरावासा वाटत होता.

घरी परतताना गाडीत तिला रडू आलं. म्हातारपणी डोकं असंच हळूहळू जातं, हे तिने दुसऱ्यांच्या आयांच्या बाबतीत पाहिलं होतं. उद्याच चांगल्या डॉक्टरची वेळ घ्यायची, असं तिने ठरवलं. खरं सांगायचं तर तिला थोडं हायसंही वाटलं. आईचं डोकं बिघडलं असेल तर बाकी सगळं जागेवर होतं.

६

सोमवारी यादीत एक नाव होतं. बेआटा लुकाच, वय अडुसष्ट. चौसष्ट, गार्नेट स्ट्रीट.

वर्ना तशीच उठून ओडेलच्या टेबलापाशी गेली. तो मोजे बदलत होता. बर्फात त्याचे बूट भिजले होते. या बाईशी बोललास का, असं तिने विचारलं, आणि आपला आवाज नेहमीसारखाच आल्याचं तिला नवल वाटलं.

“सकाळीच बोललो. गोड बाई आहे. बोलताना धाप लागते, पण घाई नाही कसली. घरात चौघं आहेत म्हणाली. चौघंही अंथरुणाला खिळलेत.”

“ओडेल, त्या पत्त्यावर घर नाही. तेरा वर्षांपूर्वी पाडलंय. मी स्वतः राखाडी केलंय.”

त्याने वहीत पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. एरवी त्याला लगेच थट्टा सुचायची.

“मग फोन कुणी उचलला गं?” तो म्हणाला.

फॉर्म कुठल्या हॉस्पिटलातून आला होता ते वरच्या कोपऱ्यातल्या डागामुळे वाचता येत नव्हतं. फोन नंबर मात्र स्वच्छ होता. वर्नाने तो हातावर उतरवून घेतला.

जागेवर येऊन तिने जुनी फाइल उघडली. चौसष्टवरचे चार ठिपके एकावर एक होते, म्हणून एकच दिसत होता. तिने ते खोडायला घेतले. मशीनने विचारलं: ठिपका मूळच्या ढकललेल्या जागी परत न्यायचा का? पहिल्या ठिपक्याची मूळची जागा म्हणजे एकसष्ट. तिने ‘नाही’ दाबलं. मग दुसरी जागा द्या, असं मशीन म्हणालं. जागेशिवाय ठिपका ठेवता येत नव्हता. नियम तिनेच लिहिला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी, कुणा रुग्णाचा हिशेब सुटू नये म्हणून.

तिने आईला फोन लावला. वीस वेळा वाजला. परत लावला. दुपारचे बारा वाजत आले होते. आई या वेळी कधीच घराबाहेर नसते. तिसऱ्यांदाही कुणी उचलला नाही, तेव्हा वर्नाने कोट उचलला.

७

आईच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघर उबदार होतं, शेगडी बंद. मोठं भांडं नव्हतं. खुंटीवर आईचा कोट नव्हता. वर्नाने वरच्या खोल्या पाहिल्या, तळघर पाहिलं, न्हाणीघराचा पडदासुद्धा बाजूला केला. मग ती बाहेर आली.

आईच्या बुटांच्या खुणा पायरीपासून निघाल्या होत्या. भांडं जड असणार. पावलं खोल आणि जवळजवळ उमटली होती. रस्ता ओलांडून, फुटपाथ चढून त्या चौसष्टच्या प्लॉटमध्ये शिरल्या होत्या. वर्ना त्यांच्या कडेकडेने चालत गेली.

प्लॉटच्या मधोमध बर्फ नव्हता. काल खिडकीतून ते दिसलं नव्हतं, किंवा काल ते नव्हतं. एका घराएवढा लांबरुंद चौकोन, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. आत काळी ओली माती होती आणि तिच्यातून किंचित वाफ येत होती. खुणा त्या कडेपर्यंत जात होत्या. शेवटचं पाऊल अर्धंच होतं. नुसता चवडा उमटलेला, पायरी चढताना उमटतो तसा.

परत येणारी एकही खूण नव्हती.

‘मा’ म्हणून तिने हाक मारली. मोकळ्या प्लॉटमध्ये हाक लांबवर जायला हवी होती. ती गेली नाही. भिंतीशी तोंड नेऊन बोलावं तशी तिथेच बसली.

हातावरची शाई बर्फाने ओघळायला लागली होती. ती पुसून जायच्या आत तिने नंबर लावला.

घंटी वाजली ती समोर. फोनमध्ये तर वाजलीच, पण समोरही, त्या काळ्या चौकोनावर, तिच्या छातीएवढ्या उंचीवर कुठेतरी. दोनदा वाजली आणि थांबली.

“हॅलो?” आई म्हणाली.

वर्नाने फोन कानाला घट्ट दाबला.

“हॅलो? कोण आहे? इथली माणसं झोपलीयत, मला सांगा काय ते.”

“मा, मी आहे.”

“वर्ना? हा नंबर तुला कुणी दिला?” आईच्या आवाजात आनंद होता, कामात गुंतलेल्या माणसाचा. मागे कुणीतरी खोकत होतं. मग दुसरंही कुणीतरी.

“मा, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता.”

“आत्ता कशी येऊ? चौघांना पाणी द्यायलासुद्धा कुणी नाही इथे. किती दिवसांची उपाशी आहेत गं. त्यांना इथे कुणी आणून टाकलंय तेही त्यांना सांगता येत नाही.” पुढे काही बोलायच्या आत तिला खोकला आला. तिने फोन तोंडापासून लांब धरला असावा, पण खोकला ऐकू आला. सुका नव्हता तो, खोल होता. तो खोकला कसला असतो, हे खात्यातल्या कुठल्याही माणसाला विचारावं लागलं नसतं.

ऑफिसात परत जाऊन काय करता येईल, याचा वर्नाने विचार केला. चार ठिपके उचलायचे, दुसरीकडे कुठेतरी टाकायचे. मग हा चौकोन बर्फाने भरेल. त्या वेळी आई चौकोनाच्या कुठल्या बाजूला असेल, हे मशीनच्या कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नव्हतं.

“दिसतेयस मला खिडकीतून,” आई म्हणाली. “टोपी नाही डोक्यावर, काही नाही. आजारी पडशील.”

वर्नाने वर पाहिलं. समोर हवा होती आणि हवेपलीकडे तिचीच गाडी. तिने बुटांना लागलेला बर्फ झटकला.

“मा,” तिने विचारलं, “दार कुठल्या बाजूला आहे?”